झाडे सरांचा अभेद्य बचाव

कोणत्याही विजयाच्या आड एकच गोष्ट येत असते, ती म्हणजे प्रतिस्पर्धी. मोठमोठ्या प्रशिक्षकांना हे निवृत्तीनंतर उमगतं. गजेंद्र झाडे सरांना ते नोकरीच्या पहिल्याच हंगामात उमगलं, आणि म्हणूनच आर्वीकडच्या सौ. कोकिळाबाई महाविद्यालयाचा मुलींचा बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं जिल्ह्यात अजिंक्य राहिला. या संघावर कधी एकही बास्केट झालं नाही. असा बचाव परदेशातल्या नामांकित संघांनाही साधलेला नाही. (संघाने स्वतःही कधी बास्केट केलं नव्हतं, पण बचावाच्या चर्चेत हा मुद्दा गैरलागू आहे.)

सर मुळात कबड्डीचे. पण ते रुजू झाले त्याच वर्षी संस्थेचे अध्यक्ष प्रभाकरराव यांनी कुठल्याशा योजनेतून बास्केटबॉलचं मैदान मंजूर करून आणलं. मैदान आलं म्हणजे प्रशिक्षक लागणार, आणि त्या दिवशी कॉलेजात रिकामे बसलेले फक्त झाडे सर होते. मैदान पक्क्या सिमेंटचं असल्याने हंगामात त्यावर सोयाबीन फार छान वाळतं. पश्चिमेकडची रिंग एकदा स्नेहसंमेलनात भोंगा बांधायला खांबासकट काढली, ती काढलीच. पूर्वेकडची मात्र शाबूत आहे. चेंडू एका वेळी एकाच रिंगमध्ये जातो, तेव्हा दुसरी ही निव्वळ चैन होय, असं सरांचं मत पडलं. तपासणीला आलेल्या समितीलाही ते पटलं.

आता अजिंक्यपदाच्या पद्धतीविषयी. दरवर्षी श्रावणात जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांची बैठक होते. तिच्यात चहा, आलूबोंडा आणि वाटणी असते. बापाच्या मागे भाऊ शेतात धुरे, म्हणजे बांध, टाकून घेतात, तसे हे लोक खेळ वाटून घेतात. सिंदी (रेल्वे)कडच्या सरांना खो-खो, समुद्रपूरकडच्या सरांना व्हॉलीबॉल, झाडे सरांना बास्केटबॉल. ज्याचा जो खेळ, त्यात त्याचाच संघ उतरतो. बाकीचे नाव नोंदवतात आणि त्या दिवशी घरी राहतात. यामुळे प्रत्येक कॉलेजला चषक मिळतो, प्रत्येक सरांची पदोन्नती वेळेवर होते आणि खेळाडूंना दुखापत होण्याचं प्रमाण शून्यावर आलं आहे.

सामन्याच्या दिवशी सरांचा संघ एस.टी.ने वर्ध्याला जाई आणि मैदानात रांगेने उभा राही. पंच घड्याळ बघत, समोर कोणी नाही याची खात्री करून घेत, शिट्टी फुंकत आणि नियमाप्रमाणे वीस-शून्य असा विजय लिहून देत. सरांचं प्रशिक्षण याला धरूनच होतं. पोट आत, नजर समोर, समोर कोणी नसलं तरी चेहऱ्यावर त्याच्याविषयी आदर. चषक दोन्ही हातांनी घ्यायचा, आणि फोटोत डोळे मिटायचे नाहीत. ‘उभे राहणे : एक आक्रमक डावपेच’ या त्यांच्या निबंधाला एका परिषदेत पहिलं पारितोषिकही मिळालं. (त्या सत्रात दुसरा निबंध नव्हता.)

या आखीव कारभारात खोट एकच होती, ती म्हणजे कर्णधार आकांक्षा राऊत. ही मुलगी संध्याकाळी पायाने सोयाबीन बाजूला सारून पूर्वेकडच्या रिंगमध्ये एकटीच चेंडू टाकत बसायची. खेळाडूला खेळाची एवढी ओढ बरी नव्हे, असं सरांना वाटे. दरवर्षी एस.टी.त बसलं की ती विचारायची, “सर, औंदा तरी कोणी येईन का जी?”

“नाई येत, बेटा. तू टेन्शन नको घेऊ.”

पोरगी घाबरते, असं सर समजत. तिला बिचारीला जन्मात एकदा खरा सामना खेळायचा होता, आणि कॉलेजचं हे तिचं शेवटचं वर्ष होतं. सरांनाही हेच वर्ष मोलाचं होतं, कारण यंदा त्यांचं नाव ‘क्रीडाभूषण’ पुरस्कारासाठी गेलं होतं. पुरस्काराची अट एकच : संघ कधी हरलेला नसावा.

आणि नेमक्या याच वर्षी समुद्रपूरकडच्या कॉलेजात रीता मेश्राम नावाच्या मॅडम तासिका तत्त्वावर लागल्या. तासिकावाल्यांना श्रावणातल्या बैठकीला बोलावत नाहीत. (त्यांना पदोन्नतीच नसते, मग वाटणी कशाची करायची?) त्यामुळे मॅडमना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी स्पर्धेचं परिपत्रक वाचलं, ते खरं मानलं आणि चक्क संघ तयार केला. नव्या माणसांच्या हातून अशा चुका होतात.

वर्ध्याच्या मैदानावर समोरून पोरी येताना दिसल्या, तेव्हा सरांना वाटलं, प्रेक्षक असतील. मग त्यांच्या पाठीवर नंबर दिसले.

“मॅडम, तुमी टीम काऊन आणली?”

“सर, आज मॅच आहे ना?”

“मॅच त दरसालच असते. म्हणून कोणी येते का?”

“मंग तुमी काऊन आले?”

सरांनी मॅडमना बाजूला घेऊन वाटणी समजावली. व्हॉलीबॉल तुमचं, हे आमच्या हिश्शाचं. मॅडम म्हणाल्या, “पोरी पहाटच्या गाडीनं उपाशी आल्या, सर. खेळू द्या त्यायले.”

सर घाईने आपल्या संघाकडे आले. “आकांक्षा, पोट दुखून राह्यलं म्हण. सगळ्याच म्हणा.”

“सर, मी तीन सालापासून नुसती उभीच आहो,” आकांक्षा म्हणाली. “आज खेळू द्या न जी.”

सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. तोवर पोरी मैदानात गेल्या होत्या.

पहिल्या अर्ध्यात सरांचा संघ शिकवल्याप्रमाणे उत्कृष्ट उभा राहिला. समुद्रपूरच्या पोरी त्यांना वळसे घालून बास्केट करत राहिल्या, आणि आपल्या पोरी त्यांच्याकडे आदराने पाहत राहिल्या. दुसऱ्या अर्ध्यात मात्र चेंडू कसा कोण जाणे आकांक्षाच्या हातात आला. तिने दिशा पाहिली, पूर्व कुठली ते ओळखलं, धावली, उडी मारली, आणि चेंडू कडेला न लागता आरपार गेला. महाविद्यालयाच्या इतिहासातलं ते पहिलं बास्केट होतं. अडचण एवढीच, की मध्यंतरानंतर बाजू बदलतात, आणि पूर्वेकडची रिंग आता आपणच राखायची होती. दोन्ही गुण समुद्रपूरच्या नावावर लागले.

सर खुर्चीवर उभे राहिले होते. “टाकलं! माह्या पोरीनं टाकलं!” असं ओरडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेंडू आत जाताना इतकं बरं वाटतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. त्या भरात सामना दणकून हरल्याचं त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

परतीच्या एस.टी.त सरांनी आकांक्षाचा फोटो जिल्ह्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं : “ऐतिहासिक क्षण! कर्णधार आकांक्षाचं अचूक बास्केट! संघाचं कौतुक करावं तेवढं थोडं!” यात एक अक्षर खोटं नव्हतं. गाडी आर्वीला पोचेपर्यंत खाली अभिनंदनाचा पाऊस पडला होता. पुरस्कार समितीही त्याच ग्रुपवर असल्याने तिचं काम सोपं झालं. ज्याचं एवढं अभिनंदन होतं तो हरलेला कसा असेल? झाडे सर क्रीडाभूषण झाले. रीता मॅडमना पुढच्या बैठकीला मानाने बोलावून बुद्धिबळ देण्यात आलं.

त्या पोस्टखाली आकांक्षानेही लिहिलं होतं : “सर, आपण हरलो. अन् ते बास्केट आपल्यावरच झालं.” त्याला लगेच उत्तरं आली : “अभिनंदन बेटा!”, “आर्वीचं नाव काढलं!”, “अशीच पुढं जा!” त्यांच्या खाली एक अंगठा, दोन गुलाब आणि जोडलेले हात आहेत. पाठवणाऱ्याचं नाव बघा, ते तुमचंच आहे.