गुडघ्यावर अडलेला कर्नल

“आज पाय कापला नाही तर विष अंगभर पसरेल,” असं लीड्सच्या हॉस्पिटलातला तरुण सर्जन मला म्हणाला, आणि आमच्या शेजारच्या सबनीस डॉक्टरांनी पिशवीतून कर्नलचा फोटो काढला.

हा कर्नल मरून शंभरावर वर्षं झाली. जन्म इथला, लीड्समधल्या आमच्याच रस्त्यावरचा. अमेरिकेत जाऊन सैन्यात शिरला, लढाईत नडगीत गोळी खाल्ली, तिथल्या डॉक्टरानं पाय कापला. पुढे एका राज्याच्या विधानसभेत निवडून आला आणि लाकडी पाय आपटत भाषणं केली. सबनीसांना त्या भाषणांचं काही नाही. त्यांचं एकच: “पाय कापायला नको होता!”

सबनीस हाडांचे डॉक्टर. रिटायर झाले, मग त्यांची बायको मालतीबाई साखरेच्या आजारानं गेली, आणि त्याच वर्षी त्यांनी कर्नलचं चरित्र लिहायला घेतलं. बारा वर्षं झाली. चरित्र अजून गुडघ्यावरच अडलंय.

एकदा आमच्याकडे जेवायला आले. ताटातली कोंबडीची तंगडी उचलून सगळ्यांना दाखवली. “हे बघा, गोळी इथून शिरली. रक्तवाहिनी शाबूत. मग कापायचं कारण काय?” त्यानंतर तंगडीला कोणी हात लावेना. मी खाल्ली. अन्नानं काय पाप केलंय?

कर्नलचा पाय कापला त्या तारखेला ते दरवर्षी उपास करतात. साबुदाण्याची खिचडी, वर दही. मी म्हटलं, “अहो, तो गोरा माणूस, चर्चमध्ये जाणारा. त्याला तुमची खिचडी पोचते का?”

“शेवंताबाई, डॉक्टरची चूक झाली की प्रायश्चित्त डॉक्टरानंच घ्यायचं.”

मी म्हटलं, घ्या बापडे. घरात बोलायला कोणी नाही, कर्नल तरी आहे.

मग माझ्याच टाचेला जखम झाली. मलाही साखर. जखम चिघळली, बोटं काळी पडली. मी चौथी शिकलेली. मला सही करता येते आणि नाही म्हणता येतं. सर्जनला मी नाही म्हटलं. मुलगा रडला, सून रागावली. मी सांगितलं, सबनीसांना बोलवा. पाय कापू नका म्हणणारा सगळ्या लीड्समध्ये तोच एक माणूस.

ते सूट घालून आले. पांघरूण काढून पाय बघितला. पोटरी दाबली, वास घेतला. सर्जनशी इंग्रजीत बोलले, रिपोर्ट दोनदा वाचले. आणि मग तो फोटो.

फोटोत कर्नल म्हातारा झालेला. खुर्चीत बसलाय, एक पाय लाकडाचा, मांडीवर दोन नातवंडं. हा फोटो त्यांनी आजवर कोणाला दाखवला नव्हता.

“पाय कापल्यावर चाळीस वर्षं जगला,” सबनीस म्हणाले. “त्या डॉक्टरानं बरोबर केलं होतं. सही करा.”

“मग बारा वर्षं काय बोंबलत होता?”

ते खुर्ची ओढून बसले. टाय सैल केला.

“मालतीचंही असंच होतं. तिचा सर्जन कापू म्हणत होता. मी तिला म्हटलं, मी जन्मभर लोकांचे पाय वाचवले, तुझा कापू देतो का? तिनं माझं ऐकलं.” मग त्यांनी फोटोची कड अंगठ्यानं सरळ केली. “पाय वाचवला मी. नेली तेव्हा दोन्ही पाय होते तिला.”

मी म्हटलं, “कागद आणा. आणि डोळे पुसा. कापणार मला आहेत, तुम्हाला नाही.”

ऑपरेशनच्या दारापर्यंत ते ट्रॉलीची दांडी धरून चालत आले. नर्सनं दोनदा सांगितलं तेव्हा सोडली.

माझा उजवा पाय गुडघ्याखालून कापला. त्याला दोन वर्षं झाली. मालतीबाई गेल्या. मी आहे.