गव्याची पावली

चमकणाऱ्या पावल्यांना हात लावायचा नाही, ही एकच गोष्ट एल्डनने बायकोला, मार्व्हाला, वीस वर्षं पढवली होती. पाव डॉलरची ही नाणी टांकसाळीने एकेका राज्याच्या नावाने काढलेली, आरशासारखी लखलखीत. बोटाचा एक ठसा उमटला की बाद. त्यामुळे त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर, मखमली कापडावर ती मांडलेली दिसली तेव्हा मार्व्हा त्यांच्यापासून हातभर लांबूनच गेली. कापडाच्या कडेला मात्र कॅन्ससची एक पावली होती, गव्याचं चित्र असलेली, मंद, दुधट रंगाची. ती तिने उचलली. बाजारात ट्रॉलीची साखळी सोडवायला तिच्या कुलपात पावली घालावी लागते, आणि ट्रॉली जागेवर लावली की ती परत मिळते. म्हणजे तासाभरापुरती उसनी.

खरेदी गाडीत भरून ती ट्रॉली लावायला निघाली, तर एका उंच माणसाने वाटेतच हात पुढे केला.

"द्या इकडे, मला हवीच आहे. ही घ्या पावली."

या गावात सगळेच असं करतात. मार्व्हाने त्याची पावली घेतली, आपली ट्रॉलीच्या कुलपातच राहू दिली, आभार मानले आणि ती घरी आली. पिशव्या ओट्यावर ठेवते तोच फोन वाजला. एल्डन न्हाव्याकडे होता. संध्याकाळी ग्रंथालयात नाणेमंडळाचं प्रदर्शन होतं, आणि यंदा पहिल्यांदाच त्याला मधलं टेबल मिळालं होतं.

"मार्व्हा, तो गवा पुसूबिसू नकोस हं. मळलेला वाटेल तुला."

"तो मंद रंगाचा?"

"मंद नाही गं, सॅटिन. साच्यावर वाळूचा बारीक मारा करून आणतात तो पोत. बाकीची नाणी ओरडतात. हे एकटं हळू बोलतं. माझं सगळ्यात लाडकं आहे ते."

"बरं," मार्व्हा म्हणाली आणि जवळच्या खुर्चीत बसली.

सुट्या पैशांच्या बरणीत तिला कॅन्ससची दुसरी पावली मिळाली, बऱ्यापैकी नवी. ती तिने कापडाच्या कडेला ठेवली. एल्डन आला, सुती हातमोजे घालून त्याने एकेक नाणं पेटीत बसवलं, झाकण लावलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की चष्मा न्हाव्याकडेच राहिला. तो चष्मा आणायला गेला, आणि मार्व्हा बाजारात.

ट्रॉल्यांच्या रांगेपाशी ती उभी राहिली. उंच माणूस दिसेना. एक बाई ट्रॉली लावायला आली.

"तुमची पावली जरा बघू?"

बाईने मार्व्हाच्या जुन्या कोटाकडे पाहिलं. "बघता काय, ठेवा की तुम्हालाच."

"नको, मला फक्त पाहायची आहे."

"त्यात लाजायचं काय, आजी." बाई निघूनही गेली.

पुढच्याने दोन दिल्या. त्याच्या पुढच्याने केळीसुद्धा. मार्व्हाला नवल वाटू लागलं. विचारण्याचा सूर बदलून पाहिला, कोट काढून पाहिला, तरी परिणाम तोच. खिसा जड झाला, गवा काही मिळाला नाही. तेवढ्यात चर्चमधली ग्लेंडा समोर आली.

"मार्व्हा? घरी सगळं ठीक आहे ना?"

"अगदी ठीक. फक्त एल्डनला कळू देऊ नकोस."

ग्लेंडाने तिचा हात दाबला आणि पुढे काही विचारलं नाही. मार्व्हा घाईने घरी गेली.

पाच वाजता दार वाजलं. ग्लेंडाच्या एका हातात नूडल्स-चिकनचा कॅसरोल, दुसऱ्या हातात कॉफीचा डबा, पावल्यांनी भरलेला.

"तू गेल्यावर मीच उभी राहिले तिथे," ती कुजबुजली. "जो ट्रॉली लावायला आला त्याच्याकडून पावली घेतली. एक उंच गृहस्थ तर आणखी डॉलर देत होते." आणि एल्डनकडे करुणेने पाहत ती गेली.

"हे काय?" एल्डनने विचारलं.

"चर्चचं काहीतरी."

सुटी नाणी दिसली की एल्डनला राहवत नाही. त्याने डबा टेबलावर पालथा केला, चष्मा नाकावर सरकवला आणि पावल्या चाळू लागला. अचानक त्याचा हात थांबला.

"सॅटिन. मार्व्हा, हा सॅटिन गवा आहे. कडेला ट्रॉलीच्या कुलपाचा ओरखडाही आहे. कोण मूर्ख हे ट्रॉलीत घालतो?"

"गरम आहे तोवर खाऊन घे," मार्व्हा म्हणाली.

पण त्याने पेटी उघडली होती. दोन्ही गवे शेजारी ठेवून तो भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. मग खुर्चीला टेकला. कान लाल झाले होते.

"माझं साधंच आहे," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं मी साध्या नाण्याला सॅटिन म्हणत होतो. मधलं टेबल मिळालं ते यावर." त्याने ट्रॉलीतला गवा हातमोज्याने पेटीत बसवला. "मंडळात कुणाला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," मार्व्हा म्हणाली. सकाळपासून त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलंच पूर्ण खरं वाक्य होतं.

एल्डनने साधी पावली तिच्या तळहातावर ठेवली. "घे. ट्रॉलीला होईल."