मागच्या दाराने आलेला माणूस

साहेब, मावशींच्या खाणावळीला टाळं तुम्ही ठोकलंत. तुम्हीच! खात्याच्या नावामागे लपू नका, कांद्याने सुजलेले तुमचे डोळे मी पाहिलेत.

तपासणी येणार म्हटल्यावर मी छाती ठोकली होती, "मावशी, निर्धास्त राहा. साहेबाला असा गुंडाळतो की जाताना पाया पडेल!"

ही खाणावळ म्हणजे आम्हा सड्याफटिंगांचं माहेर. नियम एकच: पुढच्या दाराने येतो तो गिऱ्हाईक, मागच्या दाराने येतो तो घरचा, आणि घरच्याने हात चालवल्याशिवाय ताट नाही. शिंपी पाणी भरतो, म्हातारे मास्तर ताटं पुसतात. पण त्या दिवशी मी सगळ्यांना बाहेर हुसकलं. "आज आत पाऊल टाकाल तर याद राखा!" बसले बिचारे बाकांवर, मानपान न मिळालेल्या वऱ्हाडासारखे.

पुढच्या दारात पहारा माझा. कडक इस्त्रीचा एक माणूस आला. त्याला पंख्याखाली बसवलं, वरून मीही वारा घातला. मेला विमा विकायला आला होता!

आणि तुम्ही? चोरासारखे मागून शिरलात. मावशींनी मान वर न करता सुरी पुढे सरकवली, "बैस बाबा, हात चालव. आमची मंडळी आज पाहुणी झालीत."

मी आत डोकावलो. मला वाटलं, शिंप्याचा मेहुणा.

"अहो, कांदा चिरताय की लाकडं फोडताय? बायकोने काही शिकवलं नाही?"

"बायको गेली," तुम्ही म्हणालात. आणि रडलात, कांद्याच्या आडून. मावशींनी आग्रह करकरून वाढलं. तुम्ही आपलं ताट घासून पालथं घातलंत.

"उद्या लवकर ये रे," मावशी म्हणाल्या.

"येतो."

आलात की! पुढच्या दाराने, टाळं घेऊन. कारण काय, तर 'स्वयंपाकघरात परक्या माणसाचा वावर'!

"अहो, पण तो परका म्हणजे..." मास्तरांनी तुमच्याकडेच बोट केलं. मावशींनी तुमच्याकडे पाहून एवढंच विचारलं, "जेवलास का?"

तुम्ही टाळं दोनदा ओढून पाहिलंत आणि गेलात.

आता आम्ही आपापल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून गिळतो. शिंपी माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे, अकलेचा दिवा मीच लावला होता.

पण साहेब, त्या दिवशी आत परका एकच होता, आणि मावशींनी त्यालाही घरचा मानलं. तेव्हा उत्तर द्या: हल्ली तुम्ही जेवता कुठे?