आज्ञाधारक फोन

फोनचा शोध माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून लागला, असा एक जुना गैरसमज आहे. बोलणं काय, गॅलरीतून ओरडूनही होतं. फोनची खरी थोरवी वेगळीच आहे. कोणीतरी आपल्याला हाक मारतंय हे स्वच्छ कळत असताना, त्याच्या तोंडावर दार न आपटता, नुसत्या अंगठ्याने त्याला परत पाठवता येतं. माणसाची प्रगती यापुढे कुठे जाणार, हे सांगणं कठीण आहे.

एका विमा कंपनीच्या शाखेतले उपव्यवस्थापक या विद्येत पारंगत होते. (ऑफिसात त्यांना सगळे डेप्युटी म्हणत, आपणही तेच म्हणू.) फोन वाजला की ते आधी त्याच्याकडे बघत, मग कपाळाला आठ्या घालत, मग "जीव नकोसा केलाय लोकांनी" असं शेजारच्या टेबलापर्यंत पोचेल इतपत पुटपुटत आणि फोन कापत. पलीकडच्याला आपोआप निरोप जाई: "मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो." हा निरोप त्यांनी फोन घेतला त्याच दिवशी लिहून ठेवला होता. पुढे त्यात काना-मात्रेचाही बदल करावा लागला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, दाढदुखीच्या रांगेत, एकदा तर खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दारातही ते मीटिंगमध्ये होते.

याचा शाखेत फार चांगला परिणाम झाला होता. जो फोन उचलतो तो रिकामटेकडा, हे तिथे सर्वमान्य होतं. कॅशियर बिचारा पहिल्या घंटीला फोन उचलायचा, म्हणून त्याची बढती अडली होती. डेप्युटींचं तसं नव्हतं. त्यांचा फोन फक्त एकाच माणसासाठी उचलला जाई. तो माणूस म्हणजे मुख्य कचेरीतले मोठे साहेब. त्यांचा फोन डेप्युटी उभं राहून घेत. (उभं राहिलं की आवाज स्वच्छ येतो, असं त्यांचं म्हणणं.)

तर या डेप्युटींचा फोन एके दिवशी आपण होऊनच येणारे कॉल नाकारू लागला. वाजायचा नाही, थरथरायचा नाही. पडदा क्षणभर उजळून विझायचा, की काम झालं. आणि या बिघाडाचा विशेष असा, की तो कोणाच्या लक्षातच आला नाही. फोन करणाऱ्यांना नेहमीचाच निरोप नेहमीसारखाच मिळत होता. डेप्युटींना वाटलं, लोकांना अखेर समज आली.

शंका पहिल्यांदा बायकोने काढली.

"अहो, तुमचा फोन आपोआप कट होतोय."

"मीटिंगमध्ये असेन."

"आज सुट्टीच्या दुपारी केला होता मी. तुम्ही आतल्या खोलीत घोरत होतात!"

झोप आणि मीटिंग यांतला फरक बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, एवढं बोलून डेप्युटींनी तो विषय संपवला.

पण मग मोठ्या साहेबांचा फोन आला. म्हणजे आला नाही. तो कॅशियरच्या टेबलावरच्या जुन्या फोनवर आला, आणि कॅशियरने सवयीप्रमाणे पहिल्याच घंटीला उचलला.

"तुमचे डेप्युटी मला कळवताहेत की ते मीटिंगमध्ये आहेत," मोठे साहेब म्हणाले. "मीटिंगा मी बोलावतो. मी तर इथे बसलोय. मग ते कुणाच्या मीटिंगमध्ये आहेत?"

डेप्युटींच्या तोंडचं पाणी पळालं. वरची जागा रिकामी होणार अशी कुजबुज त्याच आठवड्यात सुरू झाली होती.

शाखेचं सगळं काम थांबवून (ते चालू होतं असं गृहीत धरून) फोनदुरुस्ती हाती घेण्यात आली. फोन बंद करून चालू केला. परत केला. टायपिस्टबाईंनी आतलं सिम काढून त्यावर फुंकर मारली. शिपायाने तो खिडकीत उन्हाला ठेवून पाहिला. सत्तर टक्के कर्मचाऱ्यांचं मत पडलं की दोष फोनचा आहे. उरलेल्या तीस टक्क्यांनी मत राखून ठेवलं, कारण डेप्युटी तिथेच उभे होते.

मग फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी अगदी आपुलकीने सगळं ऐकून घेतलं.

"तक्रार नोंदवली आहे, सर. आमचे तज्ज्ञ तुम्हाला लवकरच फोन करतील."

तज्ज्ञांनी दिलेला शब्द पाळला. त्यांनी फोन केला आणि फोनने तो नाकारला. संध्याकाळी संदेश आला: ग्राहकाने प्रतिसाद न दिल्यामुळे तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा.

नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फोन उलटसुलट करून पाहिला, कव्हर जुनं झाल्याचं निदान केलं आणि नवीन बसवून दिलं. आता फोन निळ्या कव्हरातून कॉल नाकारू लागला.

शेवटी डेप्युटी रजा टाकून कंपनीच्या मोठ्या सेवाकेंद्रात गेले. टाय लावलेल्या इंजिनिअरने फोन एका वायरीला जोडला, स्वतःच्या पडद्यावर बराच वेळ काहीतरी वाचलं आणि उठून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

"अभिनंदन, सर. फोनला काहीही झालेलं नाही. यात 'सवयीनुसार सेवा' नावाची सोय आहे. मालक जे रोज करतो ते फोन शिकतो आणि त्याचे कष्ट वाचवतो. तुमचा फोन फार हुशार निघाला. इतक्या लवकर शिकलेला मी पहिल्यांदाच बघतोय."

"पण साहेबांचा फोन मी उचलतो हो!"

"तो अपवाद झाला, सर. अपवादावरून फोन शिकत नाही."

"मग ती सोय बंद करा."

"बंद होत नाही. सोय आहे ना ती. सवय मोडावी लागेल. जो नंबर तुम्ही सर्वांत जास्त वेळा कापलात, त्याच नंबरावरून फोन यायला हवेत आणि तुम्ही ते उचलायला हवेत. हिरवं बटण मी पडद्यावर आणून देतो, ते दाबलं की झालं. नुसतं उचलून ठेवू नका. बोलणं झालं पाहिजे. फोनला फरक कळतो."

"कोणता नंबर आहे तो?"

इंजिनिअरने पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर 'आई' असं लिहिलं होतं.

आई थोरल्या भावाकडे राहायची. डेप्युटी तिथे पोचले तेव्हा ती पलंगावर काळा चष्मा लावून बसली होती.

"हे काय? चष्मा कसला?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं ना रे, बाळा. मागच्या आठवड्यात."

"मला कोणी कळवलं नाही ते!"

"फोन केला की," वहिनी दारातून म्हणाली. "आदल्या दिवशी केला, त्या दिवशी केला. तुम्ही मीटिंगमध्ये होतात, भावजी."

"त्याला काही बोलू नकोस गं," आई म्हणाली. "तो निदान उत्तर तरी देतो. फोन केला रे केला, की लगेच येतं त्याचं. मला दिसत नाही म्हणून हीच वाचून दाखवते. 'नंतर बोलतो' म्हणतोस. बरं वाटतं."

डेप्युटी कामाचं बोलले. फोनला शिकवायचं आहे; तू इथूनच मला फोन कर, मी उचलतो.

वहिनीने नंबर लावून दिला. त्याच पलंगाच्या पायथ्याशी बसून डेप्युटींनी हिरवं बटण दाबलं.

"हॅलो," आई म्हणाली.

"हॅलो."

"कोण? तूच का रे?" तिने भिंतीकडे तोंड वळवलं, जणू तो फार लांब होता. "जेवलास का?"

"जेवलो."

"मीटिंग संपली?"

"संपली."

इतकं बोलणं फोनला पुरलं नाही. पुन्हा लावावा लागला. पुन्हा. आईला त्यात गोडी वाटू लागली. समोर बसलेल्या मुलाला तिने नुसतं 'बरी आहे' म्हणून सांगितलं असतं. फोनवर मात्र ती आवाज लहान करून बोलली.

"बाळा, टेबलावर घेतलं ना मला, तेव्हा फार भीती वाटली रे. डॉक्टर म्हणाले, हलू नका. मी म्हटलं, एकदा तुझा आवाज ऐकते, मग नाही हलत. पण तू कामात होतास."

डेप्युटींनी फोन कानाला घट्ट दाबून धरला. हात लांबवला असता तर तिच्या पायाला लागला असता. त्यांनी तो लांबवला नाही. संभाषणात खंड पडला तर फोन गोंधळेल, असं इंजिनिअरने बजावलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले, हे नमूद करायला हवं.

"आई, आता रोज कर फोन," ते म्हणाले. "मी उचलीन."

ते अगदी मनापासून बोलले. फोननेही ते ऐकलं, आणि तिथून पुढे तो नीट वाजू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाखेत तो पहिल्यांदा खणखणला तेव्हा टायपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. आईचा होता. डेप्युटींनी हसतमुखाने अंगठा पुढे केला, तोच मोठ्या साहेबांचं नाव मध्ये उगवलं. एकाच पडद्यावर दोघं. डेप्युटींनी पापणीही लवू दिली नाही. आईचा कापला, ते उभे राहिले आणि म्हणाले, "हॅलो, सर!"

"काही नाही," मोठे साहेब म्हणाले. "लागतो का ते बघत होतो." आणि त्यांनी ठेवून दिला.

पलीकडे वहिनीने आईला निरोप वाचून दाखवला. आई समाधानाने म्हणाली, "बघ, लगेच उत्तर आलं."

डेप्युटींना पुढे बढती मिळाली. फोन पुन्हा शिकला आहे. या वेळी तो मोठ्या साहेबांचा तेवढा वगळून बाकीचे कॉल नाकारतो. इंजिनिअरच्या मते ही कमालीची सुधारणा आहे.

वाचकांनी मात्र घाबरून जाण्याचं कारण नाही. ही सोय अजून सगळ्या फोनमध्ये आलेली नाही. ज्यांच्या फोनमध्ये ती नसेल, त्यांनी तूर्त पूर्वीप्रमाणेच हे काम हाताने करावं.