दगडूनानांच्या पायवाटेच्या भेगा बुजविणेबाबत

विषय : श्री. दगडूनाना कासव, राहणार तळेकाठ वसाहत, यांच्या घरापुढील काँक्रीटच्या पायवाटेस गेलेल्या भेगा बुजविणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज. (तारखेवर बगळ्याचा पाय पडल्याने ती वाचता येत नाही.)

उपरोक्त विषयी, बाळांनो, सादर करण्यात येते की, एका जंगलात एक कासव राहत होते. त्यांना सगळे दगडूनाना म्हणत. जंगलाच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज घेतले, त्यांवर शिक्का मारला आणि ते पुढे सरकवले. पुढे त्यांचे काय होई, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

निवृत्तीनंतर नानांना तळ्याकाठी एक घर मिळाले. दारापासून फाटकापर्यंत काँक्रीटची पायवाट होती. तिला भेगा गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, भेगेचे एवढे काय? तुम्ही उडी मारून जाल. पण कासवाचा पाय भेगेत अडकला की कासव उलटते. उलटलेल्या कासवाला आपले आपण सुलटे होता येत नाही. ते आभाळाकडे बघत पडून राहते, आणि आभाळात घार असते.

एका सकाळी नाना असेच उलटले. त्यांच्या पत्नी गोदाक्का धावत, म्हणजे कासवाच्या मानाने धावत, आल्या. त्यांनी पाठीने रेटा देऊन नानांना सुलटे केले.

"अहो, घमेलंभर माल कालवते आणि भरून टाकते भेग. दुपारच्या आत होईल."

"खुळी की काय! वाट वसाहतीची आहे. रीतसर अर्ज करू."

"आणि तोवर?"

"तोवर भेगेला हात लावायचा नाही. अर्ज केलेली भेग बुजवली, तर अर्ज खोटा पडेल."

गोदाक्कांनी घमेले पालथे घातले.

पाहणीला बांधकाम खात्याचे बगळेसाहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, एका पायावर उभे. त्यांनी भेगेत चोच घातली, आतला किडा खाल्ला आणि मान हलवली.

"नाना, भेग आहे. पण लहान आहे. एवढ्या भेगेला आमच्याकडे योजना नाही."

"मग मी काय करू, साहेब?"

"वाढू द्या की जरा! घाई कसली? तुम्ही तर कासव."

नानांनी भेग वाढू दिली. रोज सकाळी ते तिच्याकडे आशेने बघत. पावसाळा गेला, भेगेत गवत उगवले, आणि एके दिवशी बगळेसाहेब खूश होऊन म्हणाले, "आता कशी योजनेत बसली!"

काम मंजूर झाले. भूमिपूजनाला सभापती आले. सभापती म्हणजे गवा. त्यांनी पायवाटेवर पहिले पाऊल टाकले तेव्हाच दोन नव्या भेगा पडल्या. मग त्यांनी नारळ आपटला. नारळ फुटेना. सभापतींनी त्यावर खूर हाणला. आधी पायवाट फुटली, मग नारळ. टाळ्या झाल्या.

"जंगलात एकही भेग राहू देणार नाही!" सभापती म्हणाले. गोदाक्का खिडकीतून नव्या भेगा मोजत होत्या. त्यांनी मोजणे सोडून दिले.

त्यानंतर फलक लावायचा होता. त्यासाठी पायवाटेच्या कडेला खड्डा खणला. लोखंडी खांब उभा केला, भोवती घट्ट काँक्रीट भरले, वर ओले गोणपाट गुंडाळले आणि रोज पाणी मारले. फलकावर सभापतींचा हसरा चेहरा होता. खाली लिहिले होते, 'भेगमुक्त पायवाट.'

"साहेब, थोडा माल उरलाय," नाना दबकत म्हणाले. "तेवढा भेगेत..."

"अहो, तुम्ही कचेरीत होता ना?" बगळेसाहेब दुखावले. "तो माल फलकाचा आहे."

नाना ओशाळले. साहेबांचे म्हणणे खरे होते.

फलक वाळला. काम काही सुरू झाले नाही. एकदा गोदाक्का बहिणीकडे गेल्या असताना नाना फाटकाकडे निघाले आणि नेमके नारळ फोडताना पडलेल्या खड्ड्यात उलटले. ऊन पोटावर आले. घार खाली उतरून फलकावर बसली.

"काय नाना, ऊन खाताय?"

"जरा पडलो होतो."

"पडा, पडा. मला घाई नाही."

नानांनी चारी पाय झाडले. ते पाठीवर गरगर फिरले. फिरता फिरता मागचा पाय कशाला तरी लागला. तो फलकाचा खांब होता. नानांनी डोळे मिटून जिवाच्या आकांताने त्याला लाथ मारली. वर सभापती हलले, घार उडाली आणि नाना सुलटे झाले.

संध्याकाळी गोदाक्का परतल्या. नानांनी सगळे सांगितले. गोदाक्कांनी थेट घमेले काढून आणले.

"ठेव ते," नाना म्हणाले. "मी आजच दुसरा अर्ज दिलाय."

"भेग बुजवायचा?"

"छे! खांब डाव्या बाजूला आहे. उजवीकडे उलटलो तर? तिकडेही एक फलक मागितलाय."

फलकाचा अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला. भूमिपूजनाला सभापती स्वतः येणार आहेत. नारळ आणून ठेवला आहे.

भेगांचा अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : बाळांनो, दारापुढची भेग कधीही स्वतः बुजवू नये. भेग राहिली तरच फलक लागतो, आणि उलटल्यावर लाथ मारायला आपल्याला सरकारचे तेवढेच सापडते.