कोशाला चालेल अशी सुई

शनिवारी दुपारी वनमालाबाईंच्या मशीनची सुई तुटली, तेव्हा नातीच्या दुलईचा एकच कोपरा शिवायचा राहिला होता आणि बारसं रविवारी सकाळी होतं. सुई तुटायचं तसं काही कारण नव्हतं. पण वनमालाबाईंचा हात भलत्याच आत्मविश्वासानं चालला होता, आणि कडेला जिथे गोट दुमडून जाड झाला होता तिथेही त्यांनी तो आवरला नाही. कट्ट असा आवाज झाला आणि सुईचं टोक कपाटाखाली गेलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका चारधामला जातात. वनमालाबाईंनी लाँगआर्म मशीन घेतलं. साध्या शिलाई मशीनमध्ये कापड सरकतं आणि मशीन जागेवर राहतं. इथे सगळं उलटं. दुलई दोन लांब रुळांवर ताणून बसवायची, मशीनच्या मुठी दोन्ही हातांनी धरायच्या आणि अख्खं मशीनच कापडावरून फिरवायचं. रांगोळी काढावी तशी वेलबुट्टी उमटत जाते. हे प्रकरण रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरात आल्यापासून हॉल म्हणून काही उरलंच नव्हतं. सोफा गच्चीवर गेला होता आणि पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवावं लागे.

इथवर ठीक होतं. पण लेकीचं, मंजिरीचं, पहिलं बाळंतपण सासरी झालं, कारण माहेरी बाळंतिणीची खाट टाकायला मशीननं जागाच ठेवली नव्हती. मंजिरीच्या सासूबाई, शंकर नगरच्या विमलाबाई, यांनी तक्रार अशी केली नाही. त्यांनी फक्त नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितलं, "पोट्टीले माहेरी जागा नाई, मशीनले आहे!" हे वाक्य रायपूर ओलांडून नागपूरपर्यंत गेलं आणि तिथून फोनवरून परत वनमालाबाईंच्या कानावर आलं.

तेव्हा वनमालाबाईंनी जाहीर केलं की नातीच्या पाळण्यात पहिली दुलई पडेल ती याच मशीनवरची. विमलाबाईंनीही मागे न हटता दुलईसाठी आपल्या लग्नातली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी आणून दिली. "सांभाळून करा हं, विहीणबाई. असा कोसा आता मिळत नाई," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे आता दुलई वेळेवर आणि धड झाली, तर मशीनची इज्जत राहणार होती. नाहीतर ते वाक्य वनमालाबाईंना जन्मभर ऐकावं लागणार होतं.

"अहो, सुई तुटली," त्यांनी हाक मारली.

शालिग्रामराव पेपर बाजूला टाकून उठले. रेल्वेच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून घरात काहीतरी तुटण्याची ते वाटच पाहत असत. "एवढंच ना? आत्ता आणतो."

"थांबा. नंबर सांगते."

"सुईचा काय नंबर सांगतेस मले? जन्म स्टोअरमध्ये गेला माझा. इंजिनाचे पार्ट डोळे झाकून ओळखत होतो."

"मग तुटलेली तरी न्या नमुन्याला."

"तुटका माल घेऊन दुकानात जाऊ? काय म्हणंल तो भैय्यालाल?" आणि स्कूटर सुरूही झाली.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात भैय्यालालचं शिलाई मशीनच्या सामानाचं दुकान होतं. "कौन सी सुई दूँ, भैया?" त्यानं विचारलं.

"सबसे मजबूत."

"सिलना क्या है?"

"तुम मजबूत दो ना. सिलने का हम देख लेंगे."

ट्रकच्या सीटा शिवणारे कारागीर जी सुई नेतात, तिचं पाकीट भैय्यालालनं काढून दिलं. शालिग्रामरावांनी तिचं टोक बोटाला लावून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

ते घरी आले तेव्हा वनमालाबाई गच्चीवर फोनवर बोलत होत्या. पलीकडे विमलाबाई होत्या. "हो हो, झालीच समजा," असं वनमालाबाई सांगत असताना खालून ठक् ठक् ठक् असा आवाज येऊ लागला. फोन ठेवून त्या धावत खाली आल्या, तर शालिग्रामराव मशीनच्या मुठी धरून उभे. वीतभर शिवण झालीही होती.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही!"

"टाके पहा, कसे पक्के बसले."

"टाके पक्के बसले आणि साडीची चाळणी झाली!"

ते खरंच होतं. जाड सुईनं कोशाचे धागे बाजूला सारले नव्हते, सरळ तोडले होते. वनमालाबाईंना रडू आलं. विहिणीच्या लग्नातली साडी, आणि तिच्यात एका ओळीत भोकं! मग त्यांनी डोळे पुसले, एकेक टाका उसवला, जागा ओल्या फडक्यानं शेकली आणि नखानं हलकेच घासली. बरीचशी भोकं बुजली. राहिली ती पाहणाऱ्यालाच दिसली असती. पण विमलाबाई पाहणाऱ्यातल्याच होत्या.

"कोशाले बारीक पायजे. बारीक!" वनमालाबाई म्हणाल्या.

शालिग्रामरावांनी तेवढंच ऐकलं आणि दुकानातली सगळ्यात बारीक सुई घेऊन आले. ती घरगुती मशीनची होती. तिची दांडी एका बाजूनं चपटी, आणि लाँगआर्मला लागते पूर्ण गोल. सुई लावली की खाली घसरू लागली. अशा वेळी दुसरा माणूस सुई परत करतो. शालिग्रामरावांनी नळाला गुंडाळायची पांढरी टेप काढली.

"टेप लावता सुईले?" वनमालाबाईंनी डोळे विस्फारले.

"ढिली आहे ना? मग टाइट करायची. याच्यात काय विशेष आहे?"

टेप गुंडाळलेली सुई बसली खरी. या वेळी चिंधीवर शिवून पाहायची अक्कल दोघांनाही आली, हे दुलईचं नशीब. बिचाऱ्या घरगुती सुईला जन्मात कोणी आडवं ओढलेलं नव्हतं. मशीन डावीकडे वळताच ती वाकली, धागा तुटला आणि सुईचा आकडा झाला.

"सुईच कच्ची," शालिग्रामराव म्हणाले.

"सुई कच्ची नाई, तिचं हे कामच नाई! ऐका नीट. दांडी गोल, टोक अणकुचीदार, नंबर सोळा. याच्याहून जाड आणाल तर कोसा फाटंल, बारीक आणाल तर सुई वाकंल. म्हणा माझ्यामागं."

"मी काय शाळेतला पोट्टा आहो?"

"म्हणा!"

शालिग्रामरावांनी म्हणून दाखवलं. वनमालाबाई स्वतःच जाणार होत्या, पण पुन्हा विमलाबाईंचा फोन आला. त्या शेजारच्या कॉलोनीत हळदीकुंकवाला आल्या होत्या आणि जाता जाता दुलई पाहून जाणार होत्या.

तिसऱ्यांदा शालिग्रामराव दुकानात पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भैय्यालाल गल्ल्यावरच्या फोटोला उदबत्ती ओवाळत होता.

"गोल दांडी, नुकीली, सोळा नंबर," शालिग्रामरावांनी एका दमात सांगितलं.

"हव, है ना. कल ले जाना, भैया."

"कल काहून?"

"दिया-बत्ती के बाद सुई नहीं बेचते. हमारे पिताजी ने कभी नहीं बेची."

शालिग्रामरावांनी बारशाचं सांगितलं, नातीचं सांगितलं, विहिणीचंही सांगितलं. भैय्यालालला सगळ्याचं वाईट वाटलं, पण सुई काही निघेना. मग मात्र शालिग्रामरावांच्या अंगात जुनं स्टोअर संचारलं. त्यांनी खिशातून जाड सुयांचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"ये हमने दोपहर में खरीदा. खरीदा ना?"

"हव."

"मतलब बिक्री दोपहर में हुई. माल गलत निकला. अब तुम गलत माल वापस लोगे और सही माल दोगे. इसमें बिक्री कहाँ है? रेलवे में तो मार्च का माल जून में बदलते थे, और तारीख मार्च की ही रहती थी!"

भैय्यालाल विचारात पडला. त्यानं फोटोकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. मग सोळा नंबरचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला. "हाथ में नहीं दूँगा. आप खुद उठा लो."

इकडे विमलाबाई येऊन पोहोचल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून दुलईला एक फेरी मारली आणि मोकळ्या कोपऱ्यापाशी थांबल्या.

"हे काहून राहिलं?"

"मशीन जरा थंड होऊन राहिलं," वनमालाबाई मास्तरणीच्या ठाम आवाजात म्हणाल्या. "सारखं चालवू नये."

"असं का? अन् याची सुई कुठं असते?"

वनमालाबाई मशीनच्या पुढ्यात सरकल्या. तेवढ्यात दारातून शालिग्रामराव विजयी मुद्रेनं ओरडत आले, "मिळाली! सुई मिळाली!"

विमलाबाईंनी विहिणीकडे पाहिलं. वनमालाबाईंनी पाकिटाकडे पाहिलं. लाज गिळून त्यांनी सुई घेतली, खाच पुढे येईल अशी धरली, वरपर्यंत सारली आणि स्क्रू आवळला. मशीन सुरू झालं आणि आवाजच बदलला. ठकठक गेली, एकसारखी गुणगुण सुरू झाली. कोशावर नाजूक वेल सरकू लागली. एक भोक नाही, एक गाठ नाही. वनमालाबाईंचा जीव भांड्यात पडला.

विमलाबाई पाहत होत्या. पाहता पाहता जवळ आल्या. पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला.

"मी पाहू का जरा धरून?"

विहिणीला नाही कसं म्हणणार? तीही मुलाची आई, आणि साडी तिचीच. वनमालाबाईंनी मुठी सोडल्या. विमलाबाईंनी जे मशीन ओढलं, ते वेल सोडून हातातून निसटलेल्या मेंदीच्या कोनासारखं भरकटलं. डावीकडे म्हणता उजवीकडे, मध्येच गचका, मध्येच गोल. त्या हाताखाली दुसरी कुठलीही सुई तुटली असती. ही टिकली.

"पहा, पहा, वळली! आता फूल काढते मी," विमलाबाई म्हणाल्या. फूल म्हणून जे झालं ते वनमालाबाईंना बटाट्यासारखं दिसलं. सगळा कोपरा भरेपर्यंत विमलाबाईंनी मुठी सोडल्या नाहीत. त्यांच्याबरोबर आलेल्या हळदीकुंकवाच्या बायका बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होत्या.

रात्री वनमालाबाईंनी तो कोपरा उसवायचं मनात आणलं. पण कोशाला पुन्हा भोकं पडली असती, म्हणून हात मागे घेतला.

रविवारी शंकर नगरात बारसं थाटात झालं. बाळाचं नाव यामिनी ठेवलं. पाळण्यातली दुलई पाहायला बायकांची रांग लागली. वनमालाबाई नवी साडी नेसून पाळण्याच्या जवळच उभ्या होत्या, कारण कौतुक दुरून नीट ऐकू येत नाही. विमलाबाईंनी दुलई अशी घातली होती की बटाट्याचा कोपरा नेमका वर यावा.

"हा कोपरा मी केला," त्या प्रत्येकीला बोट लावून दाखवत होत्या. "माझ्या हातचा."

"अगं बाई! अन् बाकीची?"

"बाकीची मशीननं केली."

वनमालाबाईंनी तोंड उघडलं. मंजिरीनं आईचा हात दाबला. वनमालाबाईंनी तोंड मिटलं आणि पेढा घेतला.

जेवणं उरकल्यावर विमलाबाईंनी त्यांना एका बाजूला घेतलं. चेहरा एकदम हळवा झाला होता. "विहीणबाई, तुमच्या मशीनले मी उगाच नावं ठेवली. मन मोठं करा. अशी वस्तू घरात पायजेच."

वनमालाबाईंना भरून आलं. इतके दिवस ज्या शब्दांची वाट पाहिली, ते शब्द अखेर आले होते. त्या काही बोलणार, तोच विमलाबाई पुढे म्हणाल्या, "उद्यापासून मी रोज दुपारी येते. माझ्या अजून सात साड्या आहेत. तुम्ही फक्त सुई लावून ठेवत जा, बाकीचं मी पाहते."