घाबरायला माणूस हवं

"बाजार पडला की लोक रडतात. मी पिशवी घेऊन निघतो!" चष्म्याच्या दुकानातले उलटे काका छाती फुगवून सांगत. लोक विकतात तेव्हा घ्यायचं, लोक घेतात तेव्हा विकायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नियम. नावही त्यावरूनच पडलेलं. पण लोक नेमके कधी घाबरलेत, हे ओळखायचं कसं? त्यासाठी काकांकडे घरचं यंत्र होतं. काकू!

"अहो, तो रंगाच्या कंपनीचा शेअर विकून टाका हो, मला झोप लागत नाही!" काकू म्हणाल्या, की काका त्याच दुपारी तो आणखी घेत. "घ्या की थोडे, सगळे घेतायत," म्हणाल्या, की होते नव्हते तेवढे विकून मोकळे! वीस वर्षांत यंत्र एकदाही चुकलं नाही. "हिला शेअरातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर आमचं छान चाललंय," असं काका चारचौघांत म्हणत. काकू गालातल्या गालात हसत आणि भाजी निवडत राहत.

आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. घर इतकं गप्प झालं, की फ्रीज घरघरला तरी काका दचकत.

काकू दवाखान्यात होत्या तेव्हाच काकांनी सगळी शिल्लक एका पंपाच्या कंपनीत घातली होती. पडलेला शेअर, चारशेला घेतलेला. तो गटांगळ्या खात खात आता नव्वदवर आला होता. त्यातच जागामालकाने दुकानाचा गाळा विकायला काढला. महिनाअखेर बयाणा दिला तर गाळा काकांचा, नाही तर तीस वर्षांचं दुकान उचला! आज शेअर विकले तर जेमतेम बयाण्यापुरते पैसे सुटत होते. थांबावं, तर तेही बुडायची भीती. पण विकले आणि दुसऱ्याच दिवशी चढला तर? काकांना काही ठरवता येईना. घाबरून दाखवायला घरात कुणी उरलंच नव्हतं.

मग काकांनी गिऱ्हाइकांना गाठायचं ठरवलं! पहिले सापडले निवृत्त पोस्टमास्तर. नाकावर तपासणीची जड फ्रेम, समोर अक्षरांचा तक्ता.

"खालची ओळ वाचा."

"ट, ठ, ड..."

"उत्तम. आता खरं सांगा, पंपाच्या शेअरची भीती वाटते?"

"मला? माझ्याकडे नाहीतच!"

"असते तर?"

"असते तर... का हो, काही झालंय का?"

"काही नाही. नुसतं घाबरून दाखवा."

पोस्टमास्तर खरंच घाबरले, पण काकांना! मग एका शिक्षिकाबाईंना त्यांनी तीनदा विचारलं, "समजा, सगळं बुडालं, तर तुमच्या पोटात गोळा येईल का?" बाई चष्म्याचा नंबर न घेताच उठल्या. संध्याकाळपर्यंत शेजारच्या चावीवाल्याने बातमी पक्की केली, उलटे काका बुडाले!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे ही रांग! ज्यांचे चष्मे तयार होते ते आले, ज्यांचे नव्हते ते आले, ज्यांना चष्माच नव्हता तेही काय चाललंय म्हणून आले.

"माझे आगाऊ पैसे परत द्या!"

"निदान फ्रेम तरी द्या, काचांचं नंतर बघू!"

"अहो, मी बुडालेलो नाही!" काका ओरडले.

"बुडणारा असंच म्हणतो!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

सगळे आपल्यापासून पळत सुटले की कसं वाटतं, ते काकांना पहिल्यांदाच कळत होतं. गडबडीत पोस्टमास्तर शिक्षिकाबाईंचा काल विसरलेला चष्मा लावून गेले आणि समोरच्या बँकेला स्वतःचं घर समजून दारात बूट काढू लागले. चावीवाल्याने काकांच्या लेकीला फोन केला, "ताई, लगेच या. बाबांचं काही खरं नाही!"

लेक दोन तासांचा प्रवास करून, केससुद्धा न विंचरता, धापा टाकत आली. बाबांना धडधाकट बघून आधी रडली, मग रागावली. तिने लोकांची समजूत घातली, शटर अर्धं ओढलं आणि बाबांना खुर्चीत बसवलं.

"लोकांना कसलं विचारत बसलात, बाबा?"

"तुझी आई असती तर एका वाक्यात काम झालं असतं. बिचारी घाबरायची आणि मला कळायचं."

"आई घाबरायची नाही, बाबा."

"म्हणजे?"

"दुपारी तुमचा डोळा लागला, की ती तुमचं भिंग घेऊन कंपन्यांचे अहवाल वाचायची. कर्ज किती, माल खपतो का, सगळं. घेण्यासारखा असला की तुम्हाला 'विका' म्हणायची, विकण्यासारखा असला की 'घ्या'. मला म्हणायची, सरळ सांगितलं तर ऐकणार आहेत का ते!"

काकांचा चेहरा पडला. वीस वर्षं ज्या अकलेचा तोरा मिरवला, ती त्यांची नव्हतीच. आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग काकूंची फार आठवण आली.

लेकीनेच दलालाला फोन लावून दिला. काकांनी पंपाचे सगळे शेअर विकायला सांगितले. बयाणा भरायचा, बाकीच्या पैशांसाठी कर्ज काढायचं, दुकान ठेवायचं, असं दोघांनी ठरवलं.

"एकच कळत नाही," फोन ठेवता ठेवता लेक म्हणाली. "तुम्ही हे घेतलेतच कसे? ती कंपनी गळ्यापर्यंत कर्जात आहे, असं आई दवाखान्यात मला म्हणाली होती. म्हणाली, काळजी करू नकोस, मी त्यांना 'नक्की घ्या' म्हणून सांगून ठेवलंय."

"सांगितलं होतं गं तिने."

"मग?"

"नाकात नळी होती तिच्या," काका म्हणाले. "म्हटलं, जन्मभर हिच्या उलट वागलो. आता एकदा तरी हिचं ऐकावं."